विश्लेषण : फोन मराठी वाचून दाखवतो, मग शाळेचा धडा का नाही?

बिरवाडीच्या बाजारपेठेत आठ-दहा हजारांना मिळणाऱ्या अँड्रॉइड फोनमध्ये मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय असते. त्यासाठी वेगळे अॅप विकत घ्यावे लागत नाही. सेटिंगमध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’ नावाचा भाग असतो, त्यात ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू करायचे आणि पडद्यावरच्या मजकुरावर बोट ठेवायचे. मराठी आवाजाची फाईल एकदा उतरवून घेतली की हे काम इंटरनेटशिवायही होते. महाड-पोलादपूर पट्ट्यात जुलैच्या पावसात वीज आणि नेटवर्क हातात हात घालून जातात, त्यामुळे ही शेवटची बाब इथे छोटी नाही.

वाचनाची अडचण असलेल्या मुलासाठी ही सोय म्हणजे पायात अधू असलेल्याला कुबडी. तरीही शाळेचा धडा याच फोनकडून ऐकायला गेले की गाडी बरेचदा अडते. अडण्याची कारणे तीन ठिकाणी आहेत : धड्याच्या फाईलमध्ये, प्रमाणपत्राच्या वाटेवर आणि परीक्षेच्या खोलीत. यातली पहिली अडचण सर्वांत स्वस्तात सुटणारी आहे आणि तिच्यावरच सर्वांत कमी बोलले जाते. म्हणून या लेखात तिला जास्त जागा दिली आहे.

अडचण नेमकी कसली?

डिस्लेक्सिया म्हटले की आपल्याकडे २००७ सालचा ‘तारे जमीन पर’ आठवतो. त्या चित्रपटाने हा शब्द घराघरांत नेला, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण पानावर नाचणाऱ्या अक्षरांच्या दृश्याने एक गैरसमजही पक्का केला, की हा नजरेचा प्रश्न आहे. मूळ अडचण बहुतांशी ध्वनीशी असते. बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करणे, ते अक्षरांशी जोडणे आणि ही जोडणी इतकी अंगवळणी पडणे की शब्द दिसताक्षणी ओळखला जावा, या साखळीत कुठेतरी अडते. डोळे ठीक असतात, कान ठीक असतात, बुद्धी ठीक असते. सरकारी कागदावर याला ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ म्हणतात. लेखनातली डिसग्राफिया आणि गणितातली डिसकॅल्क्युलिया याच नावाखाली येतात.

मराठीत ही अडचण इंग्रजीपेक्षा वेगळी दिसते. इंग्रजीत एकाच स्पेलिंगचे शेपूट ‘थ्रू’, ‘टफ’ आणि ‘कॉफ’ या तीन शब्दांत तीन तऱ्हांनी उच्चारले जाते. त्यामुळे अडचण असलेला मुलगा उघडपणे चुकतो आणि शिक्षकाच्या लक्षात येतो. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे. म्हणून मराठी माध्यमातला मुलगा अनेकदा चुकत नाही, तो संथ वाचतो. इटालियन आणि जर्मनसारख्या, लिपी सरळ असलेल्या भाषांतही संशोधकांना हेच आढळले आहे. वर्गात एक ओळ वाचायला सांगितली तर तो ती ओढूनताणून, पण बरोबर वाचेल. इतिहासाचा चार पानांचा धडा त्याच्यापुढे ठेवला तर शेवटच्या परिच्छेदापर्यंत पोहोचताना पहिल्यात काय होते ते निसटलेले असते. शिक्षकांच्या नोंदीत तो ‘लक्ष देत नाही’ किंवा ‘अभ्यास करत नाही’ असा जातो.

शिवाय देवनागरीची स्वतःची ओझी आहेत. मूळ अक्षरे पन्नासच्या आसपास असली तरी काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे धरून डोळ्यांपुढे येणारी रूपे शेकडो होतात. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी येते, बोलताना आधी क. ‘सूर्य’मध्ये र आधी उच्चारतो, पण त्याचे चिन्ह य च्या डोक्यावर बसते. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्यांत फरक एका छोट्या गाठीचा. ‘रव’ जवळ लिहिले की ‘ख’ दिसतो. चांगले वाचणारे हे सगळे कधी शिकले ते विसरून गेलेले असतात.

(जाता जाता : अभ्यासात मागे पडणाऱ्याला आपण ‘ढ’ म्हणतो. ब्राह्मीपासून आजपर्यंत हे एकच अक्षर फारसे बदलले नाही म्हणून तसे म्हणतात, असे सांगितले जाते. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, वाचता न येणाऱ्या मुलाला आपण अक्षराचेच नाव देतो.)

इथे एक सावधगिरी हवी. वाचता न येणारे प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचे नसते. ‘असर’ या देशव्यापी पाहणीत २०२४ साली ग्रामीण भागातली पाचवीची साधारण निम्मीच मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. या सगळ्यांना अक्षमता नाही. कुणाची शाळा बुडाली, कुणाच्या घरची भाषा वेगळी, कुणाला नीट शिकवलेच गेले नाही. बिरवाडीला लागून महाडची औद्योगिक वसाहत आहे. तिथे कामाला आलेल्या परराज्यांतल्या कुटुंबांच्या मुलांना मराठी शाळेत पहिले वर्ष-दोन वर्षे जड जाणे स्वाभाविक आहे. डिस्लेक्सियाचे प्रमाण जगभर ५ ते १० टक्के असल्याचे अंदाज सांगितले जातात, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन ते चार मुले. पण ती दोन-चार मुले या निम्म्या मुलांच्या गर्दीत उभी असतात आणि त्यामुळेच सापडत नाहीत.

यंत्र काय करते, काय करत नाही?

मजकूर वाचून दाखवणारी यंत्रणा मुलाच्या डोक्यातले एक काम कमी करते. अक्षर ओळखण्यात खर्च होणारी सगळी शक्ती अर्थ समजण्याकडे वळते. चांगल्या अॅपमध्ये जो शब्द उच्चारला जातो तो त्याच वेळी पडद्यावर रंगवून दाखवला जातो. कान आणि डोळा एकाच शब्दावर येतात. या उपायांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासणारे एक विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. वाचन-अडचण असलेल्या मुलांची मजकुराची समज अशा साधनांनी सुधारते, असे त्यात दिसले. सुधारणा लहान ते मध्यम होती. जादू झाल्याचे कुणी म्हटले नाही, आणि तसे म्हणणाऱ्या अॅपविक्रेत्यांपासून पालकांनी चार हात लांब राहावे.

उलट दिशेचे काम म्हणजे बोललेले टाइप करणे. गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ पासून आहे. ज्याला उत्तर येते पण लिहिताना हात आणि शुद्धलेखन दोन्ही दगा देतात, त्याला घरच्या अभ्यासासाठी याचा उपयोग होतो. वाचनाच्या सरावासाठी गूगलचेच ‘रीड अलाँग’ हे अॅप आहे. २०१९ साली ते भारतात ‘बोलो’ नावाने आले आणि पुढे त्यात मराठी आली. मूल मोठ्याने वाचते, अॅप ऐकते आणि अडलेला शब्द सांगते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मोफत आहेत.

खास डिस्लेक्सियासाठी म्हणून बनवलेल्या फाँटविषयी पालक हमखास विचारतात. ‘ओपन डिस्लेक्सिक’ हा त्यातला सर्वांत गाजलेला फाँट रोमन लिपीचा आहे आणि त्याने वाचन सुधारते असा ठोस पुरावा अभ्यासांत मिळालेला नाही. अक्षरांमधले अंतर वाढवल्याने मात्र इटली आणि फ्रान्समधल्या डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचे वाचन सुधारल्याचे २०१२ सालच्या एका अभ्यासात दिसले. देवनागरीत ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही, कारण अक्षरे लांब केली की शिरोरेषा तुटते आणि शब्द शब्दासारखा दिसत नाही. शब्दांमधली आणि ओळींमधली जागा वाढवता येते, अक्षर मोठे करता येते. छापील पुस्तकात तेही मुलाच्या हातात नसते.

मराठी आवाजाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च वेगळा, हे लिपीत लिहिलेले नसते. यंत्राला ते शिकवावे लागते आणि ते अधूनमधून चुकते. ‘इ. स. १६७४ मध्ये रायगडावर’ हे वाक्य यंत्र नीट वाचेलच असे नाही. संक्षेपानंतरच्या टिंबाला पूर्णविराम समजून ते मध्येच थांबू शकते. गणितातले अपूर्णांक, तक्ते, आकृतीखालच्या ओळी यांत गोंधळ होतो. भाषा, इतिहास, नागरिकशास्त्र यांना ही यंत्रणा चांगली, विज्ञानाला बरी, गणिताला फारशी नाही, असे माझे मत.

मग धडा का वाचत नाही?

आता मूळ मुद्दा. फोनचा आवाज पान ‘बघत’ नाही. तो अक्षरांचे क्रमांक वाचतो. संगणकाच्या जगात प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक असावा म्हणून १९९१ साली युनिकोड ही पद्धत आली आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. युनिकोडमध्ये टाइप केलेला क हा जगातल्या कोणत्याही यंत्रासाठी क असतो.

आपल्याकडे छपाईचे काम युनिकोड रुळण्याच्या आधीच संगणकावर आले होते. त्यासाठी जे फाँट बनले त्यांनी एक पळवाट काढली. संगणकाला इंग्रजी अक्षर आहे असे सांगायचे आणि पडद्यावर त्या जागी देवनागरी आकार काढायचा. उदाहरणार्थ, ‘कृतिदेव’ फाँटमध्ये ‘कमल’ हा शब्द दिसतो तेव्हा फाईलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी डी, ई, वाय ही तीन अक्षरे असतात. डोळ्यांना कमल दिसते. वाचणारे यंत्र ‘डे’ म्हणते. श्रीलिपी, आकृती वगैरे कुटुंबांतल्या जुन्या फाँटांचीही हीच तऱ्हा, फक्त प्रत्येकाची सांकेतिक भाषा वेगळी.

वृत्तपत्रांच्या डिजिटल विभागात काम करणाऱ्यांना हे दुखणे रोजचे आहे. छापील पानासाठी जुन्या फाँटमध्ये लावलेला मजकूर संकेतस्थळावर टाकण्याआधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, आणि त्यातून बाहेर येताना एखाददुसरा रफार हरवतो. म्हणजे उपाय माहीत आहे, तो रोज वापरलाही जातो. पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत तो कटाक्षाने वापरला जावा, एवढीच मागणी आहे.

फाईल युनिकोडमध्ये असली तरी काम संपत नाही. पीडीएफ हा प्रकार मुळात पान छापल्यासारखे दिसावे म्हणून बनला. त्यात अक्षरांचे आकार कुठे बसवायचे याची नोंद असते. कोणता आकार म्हणजे कोणते अक्षर, ही नोंद वेगळी ठेवावी लागते आणि ती अनेकदा अर्धवट राहते. मग ‘किल्ला’ कॉपी केला की वेलांटी पुढे आणि क मागे असे काहीतरी बाहेर पडते. चौकटी, चित्रांखालच्या ओळी आणि दोन स्तंभांतला मजकूर कोणत्या क्रमाने वाचायचा हेही फाईलमध्ये सांगावे लागते. नाहीतर यंत्र धड्याच्या मधोमध ‘माहीत आहे का तुम्हांला’ची चौकट वाचायला लागते.

हे तपासायला अभियंता लागत नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात, ही त्यांची मोठी सोय. आपल्या मुलाच्या इयत्तेचे पुस्तक उतरवा, धड्यातल्या चार ओळी निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. स्वच्छ मराठी आली तर फोन तो धडा वाचू शकेल. इंग्रजी अक्षरे, चौकोन किंवा विस्कटलेल्या वेलांट्या आल्या तर वाचू शकणार नाही. ओळ निवडताच आली नाही तर ते पान म्हणजे नुसते छायाचित्र आहे. शिक्षकांनी ही तपासणी आपल्या शाळेत वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक पीडीएफवर करून पाहावी, स्वाध्यायपुस्तिका आणि सराव प्रश्नसंचांवर तर नक्कीच. बरेच शिक्षक ते स्वतः बनवतात आणि फाँट निवडणे त्यांच्याच हातात असते.

तोपर्यंतचा मार्ग कॅमेऱ्याचा. गूगल लेन्ससारखी साधने पुस्तकाच्या पानाचा फोटो घेऊन त्यातली अक्षरे ओळखतात आणि वाचूनही दाखवतात. देवनागरी ओळखण्यात ती बरीच सुधारली आहेत. पण जोडाक्षरांत चुका होतात, चौकटींत क्रम बिघडतो, प्रत्येक पानासाठी फोटो काढावा लागतो आणि यातल्या काही गोष्टींना इंटरनेट लागते. ज्या मुलाला मुळात चुकीचा शब्द ओळखणे अवघड जाते, त्यालाच यंत्राच्या चुका पकडायला सांगणे हा उलटा न्याय आहे.

बालभारती, म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, १९६७ पासून पुस्तके बनवते. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याचा शब्द न् शब्द संगणकावर टाइप झालेला असतो. म्हणजे वाचता येण्याजोगी फाईल बनवण्यासाठी नवे काही लिहायचे नाही. असलेला मजकूर युनिकोडमध्ये, क्रम लावून, ई-पब किंवा साध्या वेबपानाच्या रूपात पीडीएफच्या शेजारी ठेवायचा. पाठ्यपुस्तकांवर दीक्षा व्यासपीठाचे क्यूआर कोड आधीच छापलेले असतात. तो कोड स्कॅन केल्यावर व्हिडिओबरोबर धड्याचा वाचता येण्याजोगा मजकूरही उघडला, तर बिरवाडीच्या शाळेपर्यंत तो पोहोचवायला आणखी कोणती यंत्रणा उभारावी लागणार नाही. टॅबवाटपाचे समारंभ आपण खूप पाहिले. त्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. फाईलवाटपाचा फोटो चांगला येत नाही, हा भाग वेगळा.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

आश्चर्य वाटेल, पण कायदा मुलाच्या बाजूने आहे. महाराष्ट्राने तर दहावी-बारावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमता असलेल्यांना सवलती देण्याची सुरुवात १९९०च्या दशकातच केली. देशातल्या अनेक राज्यांच्या ते आधी होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली आला आणि अक्षमतांचे प्रकार ७ वरून २१ झाले. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्याचे योग्य उपाय करणे शाळेचे काम आहे. कलम १७ प्रमाणे शाळेतल्या मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हायला हवे. त्याच कलमात १८ वर्षांपर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि सहायक साधने मोफत देण्याची तरतूद आहे, पण ती ४० टक्के वा अधिक अक्षमता प्रमाणित झालेल्यांसाठी.

प्रताधिकाराचा अडसरही नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत शिक्षणासाठी, नफा न घेता बनवायला परवानगी लागत नाही. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच्या माराकेश करारावर २०१४ साली शिक्कामोर्तब करणारा भारत हा जगातला पहिला देश होता, आणि त्या कराराच्या व्याख्येत दृष्टिहीनांबरोबर वाचन-अक्षमता असलेलेही येतात. २०१६ साली सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय अशाच वाचकांसाठी आहे. शाळेतल्या बाईंनी इतिहासाचा धडा आपल्या आवाजात रेकॉर्ड करून अशा मुलाला पाठवला तर त्या कोणताही नियम मोडत नाहीत. करोनाच्या काळात अनेक शिक्षकांनी असे ऑडिओ बनवले होते. ते जपून ठेवले असतील तर आज कामाचे आहेत.

बिरवाडीहून प्रमाणपत्रापर्यंत

धरून चला, बिरवाडीच्या शाळेत सहावीतला एक मुलगा आहे. तोंडी उत्तरे फटाफट देतो, वाचायला दिले की गप्प. बाप औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो, आईचे घरचे आणि शेतातले काम. शिक्षकांना शंका आली. पुढे काय?

प्रमाणपत्रासाठी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक अशा तज्ज्ञांनी मिळून तपासणी करावी लागते. बुद्धिमापन चाचणी आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात. हे एका बैठकीत आटपत नाही. असे तज्ज्ञ एकत्र तालुक्याच्या गावी मिळत नाहीत. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग, ते शंभर किलोमीटरहून लांब. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारखी या कामाचा दीर्घ अनुभव असलेली केंद्रे मुंबईत, म्हणजे साधारण पावणेदोनशे किलोमीटरवर, आणि वाटेत मुंबई-गोवा महामार्ग. दोन-तीन खेपा, प्रत्येक खेपेला एका माणसाचा रोज बुडणार, मुलाची शाळा बुडणार. हे प्रमाणपत्र एकदा काढून भागतेच असेही नाही. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आठव्या वर्षानंतर ते मिळते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते.

चाचणी कोणत्या भाषेत, हा आणखी एक प्रश्न. मराठी माध्यमाच्या मुलाचे वाचन इंग्रजी उताऱ्यावर तपासले तर त्याला इंग्रजी येत नाही एवढेच कळेल. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा चाचणीसंच तयार केला आहे. तो हिंदी, कन्नड, इंग्रजी आणि मराठीत आहे. त्यात पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी अशा दोन गटांसाठी शिक्षकांनी वर्गातच करायच्या प्राथमिक पडताळणीचे भागही आहेत. म्हणजे संशयाची पहिली चाळणी बिरवाडीत, मराठीत, एकही एसटी न पकडता होऊ शकते.

प्रमाणपत्राची ही वाट सोपी करायलाच हवी. पण माझा आक्षेप वेगळा आहे. वाचून दाखवण्याच्या सोयीसाठी प्रमाणपत्र लागावेच का? परीक्षेतला वाढीव वेळ किंवा विषय बदलण्याची सवलत यांचा गैरवापर होऊ शकतो, तिथे पडताळणी समजू शकते. धडा ऐकण्याचा गैरवापर कसा करणार? एखाद्या धडधाकट वाचणाऱ्या मुलीने इतिहासाचा धडा दोनदा ऐकला तर कुणाचे काय गेले? वाचता येण्याजोगी फाईल सर्वांसाठी खुली ठेवली तर दृष्टिहीन मुलाला, परराज्यातून आलेल्या मुलीला, आणि आपल्या मुलाचा अभ्यास घेऊ पाहणाऱ्या पण स्वतः चौथीत शाळा सुटलेल्या आईला ती एकाच वेळी उपयोगी पडते. सहावीत शंका आणि नववीत प्रमाणपत्र, असे झाले तर मधली तीन वर्षे त्या मुलाने काय करायचे, याला सध्याच्या पद्धतीत उत्तर नाही.

परीक्षेच्या खोलीत काय?

वर्षभर ऐकून शिकलेल्या मुलाला मार्चमध्ये छापील प्रश्नपत्रिका हातात मिळते. रायगड जिल्हा राज्य मंडळाच्या मुंबई विभागात येतो, त्यामुळे सवलतींचे प्रस्ताव शाळेमार्फत वाशीला जातात. तासाला २० मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक या त्यातल्या मुख्य सवलती. लेखनिक ही पद्धत जुनी आणि कामाची आहे. पण लेखनिक शोधायचा कुणी, त्याला शास्त्रातले शब्द लिहिता येतील का, मुलगा त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलेल का, हे प्रश्न गावात जास्त टोचतात, कारण लेखनिक बहुधा ओळखीच्याच घरातला असतो.

केंद्राच्या २०१८ च्या परीक्षाविषयक सूचनांत संगणकावर परीक्षा देण्याचा पर्यायही आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या अटीशी बांधता येणार नाही, असे म्हटले. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांहून कमी अक्षमता असलेल्यांसाठीही वेगळ्या सूचना निघाल्या. त्याच २०२१ च्या नोव्हेंबरात, मुंबईच्या केंद्रावर नीट देणाऱ्या डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला जादा तास नाकारला गेल्याचे प्रकरण न्यायालयापुढे आले आणि न्यायालयाने तिला झालेल्या अन्यायाची दखल घेऊन परीक्षा यंत्रणेला खडसावले. तिच्याकडे प्रमाणपत्र होते. नियमही होता. केंद्रावरच्या माणसांना तो ठाऊक नव्हता.

इंटरनेट बंद केलेला संगणक, त्यावर प्रश्नपत्रिकेची युनिकोड फाईल आणि हेडफोन, एवढ्यावर मुलगा प्रश्न स्वतः ऐकू शकतो. पेपर फुटण्याची भीती खरी आहे. तिच्यावर कुलूपबंद फाईल आणि ऐनवेळी दिलेला पासवर्ड हा स्पर्धा परीक्षांतला सवयीचा तोडगा आहे. एकदम दहावीला हा प्रयोग नको, हे मान्य. आठवी-नववीच्या घटक चाचणीत तो करायला मंडळाची परवानगीही लागत नाही.

मुले वाचणेच सोडतील का?

ही शंका शिक्षक बोलून दाखवतात आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. पहिली-दुसरीतल्या मुलाला फोन हातात देऊन अक्षरओळख टाळली तर नुकसानच होईल. त्या वयात ध्वनी सुटे करणे, अक्षर जोडणे, सावकाश आणि पुन्हा पुन्हा सराव, हाच उपाय आहे. तो माणसानेच करायचा. विशेष शिक्षकांची गरज तिथेच आहे. प्राथमिकला अशा १० मुलांमागे आणि माध्यमिकला १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्येच सांगितले आहे. पदे भरल्याशिवाय यंत्रांच्या गप्पा मारणे म्हणजे कुबडी देऊन डॉक्टर काढून घेणे होईल.

पण सहावी-सातवीनंतर हिशेब बदलतो. वाचायला शिकण्याचे वय मागे पडते आणि वाचून शिकण्याचे सुरू होते. विज्ञान, भूगोल, इतिहास सगळे पुस्तकातून येते. वाचनाचा सराव अर्धा तास स्वतंत्र चालू ठेवून बाकीचे विषय कानाने शिकू दिले तर मुलगा निदान त्या विषयांत मागे पडत नाही. वर्गात फोन नको, असा नियम शाळा करतात आणि त्यामागची काळजी योग्य आहे. सिमकार्ड नसलेला एक जुना फोन, त्यात मराठी आवाज आणि धड्यांच्या फाईल, शाळेच्या कपाटात ठेवला तर नियमही मोडत नाही.

बिरवाडीतल्या किंवा आसपासच्या पालकांना आपल्या मुलाबद्दल शंका असेल तर सुरुवात वर्गशिक्षकांपासून करावी आणि मुख्याध्यापकांमार्फत महाडच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांकडे लेखी विचारणा करावी. अर्जावर तारीख आणि पोच घ्यावी. सोबत पाठ्यपुस्तकातल्या त्या चार ओळी कॉपी करून चिकटवल्यावर काय उमटले, त्याचा छापील कागद जोडता आला तर जोडावा.